न फुटलेल्या अंड्यांचा हिशेब

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने बदकाच्या अंड्यांवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. हा विषय प्राणिशास्त्राच्या मंडळींचा, असेही कोणी म्हणेल. परंतु ज्यांनी इन्क्युबेटर, म्हणजे उबवणी यंत्र, विकत घेऊन त्यात बदकाची अंडी ठेवली आणि महिन्याच्या शेवटी निम्मीअधिक अंडी टोपलीत भरून उकिरड्यावर नेली, त्यांना हा विषय हिशेबाचा आहे हे पटवून द्यावे लागणार नाही. अंड्यांचे पैसे गेले, विजेचे गेले, महिना गेला. त्यातून नुकसान कशाने झाले हे कळत नाही. नुकसान होणे वाईट खरेच. पण ते कोणत्या खात्यावर मांडायचे हे न कळणे त्याहून वाईट, कारण तेच नुकसान पुढल्या महिन्यातही होणार असते.

या लेखात सांगायचे ते थोडक्यात असे : न फुटलेले अंडे टाकून देण्यापूर्वी फोडून पाहावे. पिल्लू कोणत्या दिवशी आणि कोणत्या स्थितीत मेले याची नोंद त्या अंड्यातच असते. दुकानदार जसे प्रत्येक खर्चाचे व्हाउचर जपून ठेवतो, तशी ही अंडी म्हणजे आपली व्हाउचरे आहेत. ती वाचता आली की दोष यंत्राचा, अंडी विकणाऱ्याचा, की आपल्याच हाताचा, हे बहुधा समजते.

बातुकोळी आणि कोळी

कन्नडमध्ये बदकाला ‘बातुकोळी’ म्हणतात. कोळी म्हणजे कोंबडी. (मराठी विभागाच्या वाचकांनी येथे जाळे टाकणारा कोळी मनात आणू नये !) या नावाने बदकाला कोंबडीच्या घराण्यात बसवले आहे, आणि उबवणीतील निम्म्या चुकांचे मूळही याच समजुतीत आहे. बाजारातील लहान यंत्रे बहुतेक कोंबडीच्या अंड्यांसाठी बनवलेली असतात; त्यांच्याबरोबर मिळणारी माहितीपुस्तिकाही कोंबडीचीच असते. ती बदकाला लावली की हिशेब चुकू लागतो.

फरक कोठे आहे ते आधी पाहू. कोंबडीचे पिल्लू २१ दिवसांत बाहेर येते. बदकाला २८ दिवस लागतात. तोंडावर तांबडे मांसल चट्टे असलेल्या मस्कोव्ही जातीला तर ३५ दिवसांपर्यंत लागतात. कोंबडीचे अंडे साधारण ५५ ग्रॅमचे, तर बदकाचे ७० ग्रॅमच्या आसपास. त्यामुळे कोंबडीच्या मापाच्या फिरत्या तबकात ते नीट बसत नाही, आणि पंखा नसलेल्या यंत्रात त्याचा वरचा भाग दिव्याच्या किंवा तारेच्या अधिक जवळ येतो. शिवाय कोंबडीचे पिल्लू टरफलाला पहिली चोच मारल्यापासून बहुधा दिवसभरात मोकळे होते. बदकाचे पिल्लू दीड-दोन दिवसही घेते. ज्याला हे ठाऊक नाही तो मध्येच मदतीला धावतो आणि पिल्लू गमावतो.

‘मग यंत्र हवेच कशाला, बदकी स्वतः बसेल की !’ असे कोणी विचारील. अंड्यांसाठी पाळल्या जाणाऱ्या जातींत ही सोय जवळजवळ राहिलेली नाही. खाकी कॅम्पबेल ही जात इंग्लंडमध्ये ॲडेल कॅम्पबेल या बाईंनी विसाव्या शतकाच्या आरंभी तयार केली. ही बदकी चांगल्या देखभालीत वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देते, पण त्यांवर बसण्याची सवय तिच्यात फारशी उरलेली नाही. म्हणून खेड्यात बदकाची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवण्याची जुनी रीत आहे. पण एका कोंबडीखाली दहा-बारा अंडीच मावतात, आणि ती मोठी अंडी तिला नीट फिरवताही येत नाहीत. चाळीस-पन्नास पिल्ले हवी असतील तर यंत्राला पर्याय नाही.

चार आकडे

यंत्राच्या चालकाला चार गोष्टी सांभाळायच्या असतात : उष्णता, ओलावा, हवा आणि अंडे फिरवणे.

पंखा असलेल्या यंत्रात उष्णता ३७.५ अंश सेल्सियस ठेवावी. पंखा नसलेल्या यंत्रात वरची हवा अधिक गरम व खालची थंड असते. म्हणून तेथे थर्मामीटरचे टोक अंड्याच्या वरच्या पातळीवर ठेवून ३८.५ अंशांच्या जवळपास धरावे. थर्मामीटर यंत्राच्या तळाशी ठेवला तर तो खालच्या थंड हवेचा आकडा दाखवील आणि अंडी वरून भाजतील.

ओलावा पहिले २५ दिवस साधारण ५५ ते ६० टक्के आणि शेवटचे तीन दिवस ७५ ते ८० टक्के असावा. ज्यांच्याकडे ओल्या वातीचा थर्मामीटर आहे त्यांनी असे लक्षात ठेवावे : कोरडा थर्मामीटर ३७.५ दाखवीत असता ओला २९.५ च्या आसपास असला तर ओलावा सुमारे ५५ टक्के, ओला ३३.५ ते ३४ वर गेला तर ७५ ते ८० टक्के.

हवेसाठी यंत्राला भोके असतात. अंड्यातील जीव टरफलाच्या बारीक छिद्रांतून प्राणवायू घेतो. पहिल्या आठवड्यात त्याची गरज फार थोडी असते. शेवटच्या आठवड्यात ती कितीतरी वाढते. म्हणून दिवस जातील तशी भोके अधिक उघडावीत.

अंडी दिवसातून निदान तीन वेळा, जमल्यास पाच वेळा फिरवावीत. फिरवली नाहीत तर कोवळा जीव आतल्या पडद्याला चिकटतो. वेळा विषम ठेवण्याचे कारण साधे आहे. रात्री अंडी सर्वांत जास्त वेळ एकाच कुशीवर राहतात. वेळा विषम असल्या म्हणजे एका रात्री एक कूस वर येते आणि दुसऱ्या रात्री दुसरी. अंड्याच्या एका बाजूला पेन्सिलीने फुली व दुसऱ्या बाजूला गोल काढावा, म्हणजे घरातील कोणालाही हे काम करता येते. २५ व्या दिवशी फिरवणे बंद करावे.

दिवस मोजण्यातही घोटाळा होतो. अंडी ठेवली तो दिवस शून्य धरावा आणि २४ तास पूर्ण झाले की पहिला दिवस मोजावा. बँकेत व्याजाचे दिवस मोजताना आपण हेच करतो.

ओलाव्याचा घसारा

या चारांपैकी लोकांना सर्वांत कमी समजतो तो ओलावा, आणि बदकाची पूर्ण वाढलेली पिल्ले पुष्कळदा त्याच्याच पायी जातात. अंड्यात पाणी असते. उबवणीच्या काळात त्यातले काही पाणी टरफलातून उडून गेलेच पाहिजे, म्हणजे बोथट टोकाकडील हवेची पोकळी मोठी होते. बाहेर पडण्यापूर्वी पिल्लू आतला पडदा फोडून चोच या पोकळीत घालते आणि पहिला श्वास तेथे घेते. पोकळी लहान राहिली तर त्याला श्वासापुरती हवा मिळत नाही आणि वळायला जागाही राहत नाही. उलट पाणी फार उडाले तर आतला पडदा कातड्यासारखा चिवट होऊन पिल्लाला आवळून टाकतो.

किती पाणी जावे ? पहिल्या २५ दिवसांत अंड्याच्या मूळ वजनाच्या सुमारे १३ टक्के. वाणिज्य शाखेच्या मित्रमैत्रिणींना हे समजायला वेळ लागणार नाही, कारण हा सरळ रेषा पद्धतीचा घसारा आहे : दरदिवशी जवळजवळ सारखाच. २० अंडी ठेवली आणि त्यांचे एकूण वजन १४०० ग्रॅम भरले असे धरू. २५ दिवसांचा घसारा १८२ ग्रॅम. म्हणजे सातव्या दिवशी सुमारे ५१ ग्रॅम, चौदाव्या दिवशी १०२ ग्रॅम कमी झाले पाहिजेत. तराजूवर सातव्या दिवशी १३४९, चौदाव्या दिवशी १२९८ आणि पंचविसाव्या दिवशी १२१८ च्या जवळपास आकडा यावा. मध्ये काही अंडी काढून टाकली तर त्यांचे मूळ वजन वजा करून हिशेब नव्याने मांडावा. म्हणून सुरुवातीला प्रत्येक अंड्याचे वजन पेन्सिलीने टरफलावरच लिहून ठेवणे सोयीचे. वजन अपेक्षेहून कमी घटले असेल तर यंत्रात ओलावा जास्त आहे, पाणी कमी करा. वजन फार घटले असेल तर पाणी वाढवा. ओलाव्याचे महागडे यंत्र नसले तरी स्वयंपाकघरातील ग्रॅम दाखवणारा काटा हे काम करतो.

आपल्या भागात याला विशेष महत्त्व आहे. बेळगाव व खानापूर तालुक्यांत आषाढातली हवा आणि चैत्रातली हवा यांत जमीन-अस्मानाचे अंतर. पावसाळ्यात बाहेर २४ अंश उष्णता आणि ९० टक्के ओलावा असताना ती हवा यंत्रात जाऊन ३७.५ अंशांपर्यंत तापली, की पाण्याचा एक थेंब न घालताही आत सुमारे ४० टक्के ओलावा असतो. उलट उन्हाळ्याच्या दुपारी ३४ अंश उष्णता व २० टक्के ओलावा असलेली हवा आत गेली तर तेथे १६-१७ टक्केच उरतो. म्हणजे ‘पाण्याचे भांडे भरून ठेवावे’ हा एकच नियम दोन्ही ऋतूंना लावला तर एका ऋतूत अंडी बुडतील, नाहीतर दुसऱ्या ऋतूत सुकतील.

एका गटाची गोष्ट

खानापूर तालुक्यात माझ्या मावशीच्या बचत गटाने एक लहान यंत्र घेतले. शेताजवळ तळे, भाताचा कोंडा घरचाच, बदके पूर्वीपासून. हिशेब बरा दिसत होता. पहिली खेप ऐन पावसाळ्यात ठेवली आणि तीत फारच थोडी पिल्ले निघाली. मग गटात बोलाचाली सुरू झाली. कोणी म्हणाले यंत्रच फसवे. कोणी अंडी देणाऱ्या बाईंना बोल लावला. एकीने दृष्ट लागल्याचे सांगितले. यंत्र निम्म्या किमतीला विकून पैसे वाटून घ्यावेत असे ठरत आले होते. निम्म्या किमतीला विकणे म्हणजे प्रत्येकीच्या वर्षभराच्या बचतीतला वाटा जाणार, हे सर्वांना दिसत होते. पण दुसरा मार्ग सुचत नव्हता.

मी त्या सुट्टीत तेथे होते. न फुटलेली अंडी अजून परसात टोपलीतच होती. मावशीला म्हटले, टाकण्याआधी एकेक फोडून पाहू. ती म्हणाली, “अगं, मेलेल्या अंड्यांत काय बघायचं असतं ? वास सुटलाय बघ की.” पण नाकाला पदर लावून ती शेजारी बसली. मी वहीत रकाने आखले. दहा-बारा अंडी फोडताच दिसून आले, की बहुतेक पिल्ले पुरी वाढलेली होती, अंगावर पिसे आलेली. मात्र अंग ओले, सुजल्यासारखे, आत पाणी साचलेले आणि हवेची पोकळी अगदी लहान. म्हणजे अंडी फळ धरलेली होती. देणाऱ्या बाईंचा दोष नव्हता. पिल्ले २४-२५ दिवस वाढली होती; यंत्राची उष्णता चुकली असती तर ती इतकी वाढली नसती. पाण्याची भांडी पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे रोज काठोकाठ भरली जात होती आणि वीज गेल्यावर ऊब राहावी म्हणून हवेच्या भोकांवर फडके बसवलेले होते. आषाढाच्या हवेत हा ओलावा अंड्यांना झेपला नाही.

पुढल्या खेपेस एकच लहान भांडे पाण्याचे ठेवले, फडके काढले आणि दर आठवड्याला अंडी तोलली. त्या खेपेला निम्म्याहून पुष्कळ अधिक पिल्ले निघाली. यंत्र विकले गेले नाही. आणि अंडी देणाऱ्या बाईंशी तुटलेले बोलणेही पुन्हा सुरू झाले. माझ्या मते दुसरी गोष्ट पहिलीइतकीच मोलाची.

पाच खाती

फोडलेल्या अंड्यांची खतावणी पाच खात्यांत होते. त्याआधी सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत प्रत्येक अंडे टॉर्चपुढे धरून पाहावे. जिवंत अंड्यात मध्यभागी गडद ठिपका आणि त्यातून कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसतात.

पहिले खाते साफ अंड्यांचे. दिव्यापुढे आरपार पिवळट उजेड दिसतो. अशी अंडी फोडून बलकावरचा पांढरा ठिपका पाहावा. तो लहान, घट्ट आणि कडेला वेडावाकडा असेल तर अंड्याने फळ धरलेलेच नाही. तो पसरट आणि गोल कड्यासारखा असेल तर फळ धरले होते, पण जीव पहिल्या एक-दोन दिवसांतच गेला. फळ न धरण्याचे कारण यंत्रात शोधू नये. नर कमी असणे, म्हातारे किंवा फार कोवळे असणे ही त्याची कारणे. अंड्यांच्या जातीत पाच-सहा माद्यांमागे एक नर असावा. पसरट ठिपका दिसला तर अंडी किती दिवस साठवली होती ते विचारावे. सात दिवसांपर्यंतची अंडी चांगली. त्यापुढे दर दिवशी त्यांचा कस उतरतो. साठवताना ती बोथट टोक वर करून थंड जागी, शक्य तर १५ अंशांच्या आसपास ठेवावीत.

दुसरे खाते रक्ताच्या कड्याचे. दिव्यापुढे तांबडे वर्तुळ दिसते, शिरा दिसत नाहीत. जीव पहिल्या आठवड्यात मेला. येथे संशय पहिल्या दिवसांतल्या वाढलेल्या उष्णतेवर, जुन्या अंड्यांवर किंवा वाटेतल्या धक्क्यांवर घ्यावा. मोटारसायकलवरून खडबडीत रस्त्याने आणलेली अंडी लगेच यंत्रात ठेवू नयेत. बोथट टोक वर करून निदान अर्धा दिवस ती शांत राहू द्यावीत.

तिसरे खाते मधल्या दिवसांचे. निरोगी खेपेत हे खाते जवळजवळ रिकामे असते, कारण मरण बहुधा पहिल्या आठवड्यात किंवा शेवटच्या दिवसांत येते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बरीच पिल्ले मेलेली दिसली तर माद्यांच्या खाद्याकडे पाहावे. जीवनसत्त्वे कमी पडली, विशेषतः रिबोफ्लेविन, तर असे होते. अंडे काळे पडले, घाण वास आला, टरफलावर ओशट थेंब दिसले तर ते सडले आहे. असे अंडे यंत्रात फुटले तर शेजारच्या अंड्यांनाही रोग देते. म्हणून ते हळूच काढून दूर पुरावे. बदकी रात्रीच्या शेवटी किंवा पहाटे चिखलात, ओल्या गवतात अंडी घालते. म्हणून सकाळी लवकर अंडी गोळा करावीत आणि घरट्यात कोरडा पेंढा ठेवावा. धुणे अगदीच आवश्यक असेल तर अंड्यापेक्षा गरम असलेल्या पाण्यानेच धुवावे. थंड पाण्याने अंड्यातील हवा आकसते आणि घाण छिद्रांतून आत ओढली जाते. बदकाच्या अंड्यांत साल्मोनेला जंतू असू शकतात. अंडी हाताळल्यावर, आणि फोडून पाहिल्यावर तर नक्कीच, हात साबणाने धुवावेत.

चौथे खाते पूर्ण वाढून कवचातच मेलेल्यांचे. बहुतेक वाईट खेपांत हेच खाते फुगलेले असते. पिल्लू ओले, फुगलेले आणि पोकळी लहान असेल तर ओलावा जास्त. पिल्लू कोरडे, पडदा चिकटलेला आणि पोकळी अवाढव्य असेल तर ओलावा कमी. ओलावा ठीक दिसत असूनही पुष्कळ पिल्ले मेली असतील तर हवेची भोके बंद होती काय ते पाहावे. पिल्लाचे डोके निमुळत्या टोकाकडे असेल तर अंडी उलटी ठेवली गेली किंवा नीट फिरवली गेली नाहीत. अंडी आडवी ठेवणे उत्तम. उभी ठेवायची तर बोथट टोक नेहमी वर.

पाचवे खाते चोच मारून थांबलेल्यांचे. टरफलाला भोक पाडले, पण पुढे काही नाही. याचे नेहमीचे कारण म्हणजे शेवटच्या तीन दिवसांत झाकण पुनःपुन्हा उघडणे. एका पिल्लाला पाहण्यासाठी झाकण उघडले की आतला ओलावा क्षणात उतरतो आणि चोच मारलेल्या इतर अंड्यांतला पडदा वाळून पिल्लांना जखडतो. कौतुक काचेतून करावे. चोच मारल्यानंतर पिल्लू बराच वेळ स्वस्थ पडते. त्या वेळात ते उरलेला बलक पोटात ओढून घेत असते आणि पडद्यातील रक्त त्याच्या अंगात परतत असते. अशा वेळी टरफल सोलले तर रक्तस्राव होतो. दीड-दोन दिवस वाट पाहण्याचे धैर्य, हे बदकाच्या उबवणीतले मोठे भांडवल आहे.

वेळेचाही पुरावा घ्यावा. पिल्ले एक-दोन दिवस आधी निघाली, लहान आणि बेंबी न मिटलेली असली तर उष्णता जास्त होती. २९-३० दिवसांनी, सुस्त आणि मऊ पोटाची निघाली तर कमी होती. पिल्लांचे पाय फाकलेले असतील तर तळाशी गुळगुळीत कागद होता. तेथे गोणपाट अंथरावे.

मापांचेच माप

व्हाउचर खरे असले तरी काटा खोटा असेल तर काय उपयोग ? म्हणून अंडी ठेवण्यापूर्वी यंत्राच्या मापांची परीक्षा करावी. तापाचा डॉक्टरी थर्मामीटर ३७ अंशांच्या आसपास बराच अचूक असतो. वाटीभर कोमट पाण्यात तो आणि यंत्राचा थर्मामीटर एकत्र बुडवून दोघांचे आकडे ताडून पाहावेत. अर्ध्या अंशाचा फरक निघाला तर तो यंत्रावर कागद चिकटवून लिहून ठेवावा.

ओलाव्याच्या मापाचीही घरगुती परीक्षा आहे. लहान झाकणात जाडे मीठ घेऊन ते पाण्याचे थोडे थेंब घालून ओलसर करावे. विरघळू देऊ नये. ते आणि ओलावामापक एका घट्ट झाकणाच्या बरणीत सात-आठ तास ठेवावेत. ओल्या मिठावरची बंद हवा ७५ टक्के ओलावा धरते. मापक ६८ दाखवीत असेल तर तो सात टक्के कमी सांगतो, इतकेच समजून चालावे. चीनमधले जुने उबवणीकार अंडे डोळ्याच्या पापणीला लावून त्याची ऊब ओळखत. ती पापणी वर्षानुवर्षांच्या सरावाने तयार झालेली असे. आपल्याला तेवढा सराव नाही, म्हणून ही मिठाची बरणी.

वीज गेली तर

आपल्याकडे हा प्रश्न येतोच. येथे भीती उलट्या दिशेने बाळगली जाते. काही तास थंडी सोसण्याची शक्ती अंड्यात असते. बदकी स्वतःही अन्न-पाण्यासाठी घरटे सोडून जाते. मारक आहे ती जास्त उष्णता. ४१-४२ अंशांच्या घरात काही तास गेले तर सबंध खेप जाऊ शकते. म्हणून वीज गेल्यावर यंत्र घोंगडीने झाकावे, झाकण उघडू नये, आणि शेवटच्या आठवड्यात हवेची भोके मात्र मोकळी ठेवावीत. त्या वेळी पिल्लांच्या अंगचीच ऊब बरीच असते. वीज परत आल्यावर काटा वाढवून ‘गेलेला वेळ भरून काढणे’ हा उपाय घातक आहे. यंत्र उन्हाच्या खिडकीत ठेवू नये, तेही याच कारणाने.

ताळेबंद

आता हे सर्व एका उदाहरणात मांडू. हे आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. ४० अंडी ठेवली. फोडून पाहता फळ न धरलेली ६, रक्ताच्या कड्याची ३, मधल्या काळातले १, पूर्ण वाढून मेलेली ९, चोच मारून मेलेली २ आणि जिवंत पिल्ले १९. बेरीज ४० जुळली.

वरवर पाहणारा म्हणेल, ४० पैकी १९, म्हणजे ४७.५ टक्के, यंत्र वाईट. आपण दोन वेगळे आकडे काढू. ४० पैकी ३४ अंड्यांनी फळ धरले, म्हणजे ८५ टक्के. अंडी देणाऱ्याचे काम ठीक आहे. त्या ३४ पैकी १९ निघाली, म्हणजे सुमारे ५६ टक्के. दोष उबवणीत आहे. उबवणीतल्या १५ मृत्यूंपैकी ९ एकाच खात्यावर आहेत. म्हणून पहिली दुरुस्ती ओलावा व हवा यांची. बाकीचे सध्या तसेच राहू द्यावे. एका खेपेत चार गोष्टी बदलल्या तर कोणत्या बदलाने काय झाले ते कळत नाही.

पैशात सांगायचे तर, अंडे १५ रुपयांचे आणि वीज-मजुरी मिळून ३०० रुपये धरले तर खेपेचा खर्च ९०० रुपये. १९ पिल्ले निघाली तर एक पिल्लू सुमारे ४७ रुपयांना पडले. त्या ९ पैकी ६ वाचली असती तर तेच पिल्लू ३६ रुपयांना पडले असते. नवे यंत्र न घेता, जास्त अंडी न ठेवता, केवळ पाण्याचे भांडे आणि भोकांवरचे फडके यांकडे लक्ष दिल्याने हा फरक पडतो.

बंगळूरजवळच्या हेसरघट्टा येथे केंद्र सरकारच्या संस्थेने बदकांच्या पैदाशीचे काम केले आहे. अशा ठिकाणी मोठी यंत्रे असतात आणि जाणकार माणसे असतात. खेड्यातल्या गटाजवळ यांतले काही नसते. पण पाच रकान्यांची वही कोणालाही ठेवता येते. तारीख, अंडी देणाऱ्याचे नाव, सात-चौदा-पंचवीस दिवसांचे वजन, फोडलेल्या अंड्यांची पाच खाती आणि शेवटी जिवंत पिल्ले : एवढे एका पानात मावते. आपल्यापैकी अनेकांच्या घरी शेती आहे, कोंबड्या आहेत, कोठे बदकेही आहेत. रोजकीर्द आणि खतावणी आपण परीक्षेसाठी शिकतो. सुट्टीत घरी गेल्यावर त्यातले एक पान आईला किंवा मावशीला आखून दिले, तर तिच्या यंत्राचा दोष यंत्रावर, ऋतूचा ऋतूवर आणि माणसाचा माणसावर मांडला जाईल; आणि ज्याचा दोष नाही त्याला विनाकारण बोल लागणार नाही.